दंडावरचा सेन्सर, हातातला फोन

टाइप वन मधुमेह असलेल्या माणसाला शरीरातल्या एका अवयवाचे काम जन्मभर स्वतः करावे लागते. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी रक्तातली साखर सतत जोखत असतात आणि लागेल तेवढेच इन्सुलिन सोडत असतात. झोपेत, धावताना, तापात, लग्नाच्या पंगतीत. शरीराच्याच प्रतिकारशक्तीने या पेशी नष्ट केल्या की जोखणे आणि इन्सुलिन पुरवणे ही दोन्ही कामे माणसाच्या अंगावर येतात. इन्सुलिन टोचून घेता येते, गेली शंभर वर्षे घेतले जात आहे. जोखण्याचे काम मात्र फार उशिरा जमू लागले. हे पुस्तक त्याविषयी आहे: दंडावर चिकटवलेला सेन्सर, त्याचे आकडे दाखवणारा फोन, डोसाचा हिशेब करणारे ॲप, मनगटावरचे घड्याळ, आणि हे सारे पाहून शेवटी माणसाने घ्यायचा निर्णय.

मला हा आजार शाळेत असताना झाला. त्या काळी आमच्या घरी रक्त तपासण्याची सोय नव्हती. ५ मिलीलिटर बेनेडिक्ट द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि परीक्षानळी स्पिरिटच्या दिव्यावर धरून उकळायची. द्रावण निळेच राहिले तर साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी अशा चढत्या रंगांनी साखर किती ते कळे. या तपासणीत दोन मोठ्या उणिवा होत्या. रक्तातली साखर साधारण १८०च्या (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) वर गेली तरच ती लघवीत उतरते, आणि मूत्राशयात साठलेली लघवी काही तासांपूर्वीची स्थिती सांगत असते. म्हणजे नळी निळी दिसली तर साखर ११० असू शकते आणि ४०ही असू शकते. ४०ला माणूस बेशुद्ध पडू शकतो. नळी पाहून आई निश्चिंत होई आणि मला मात्र दरदरून घाम फुटलेला असे. आज नव्याने निदान झालेल्या मुलाच्या आईला, सेन्सर परवडत असेल तर, दर पाच मिनिटांनी फोनवर आकडा दिसतो आणि साखर कुठे चालली आहे हे दाखवणारा बाणही दिसतो. हा फरक केवढा आहे ते दोन्ही काळ पाहिलेल्यांना सांगावे लागत नाही. नव्या वाचकाला तो सांगितला पाहिजे.

त्याआधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्याकडे मधुमेह म्हटले की पन्नाशीतले काका, बंद केलेला गोडाचा घास, सकाळचे फिरणे, कारल्याचा रस असे चित्र डोळ्यांपुढे येते. ते टाइप टूचे. टाइप वन पेढे खाल्ल्याने होत नाही आणि पथ्य पाळल्याने जात नाही. चूर्ण, काढा, उपास यांच्या भरवशावर इन्सुलिन थांबवले तर काही दिवसांतच रक्तात कीटोन साठतात, उलट्या सुरू होतात, श्वास जड होतो, आणि वेळेत रुग्णालय गाठले नाही तर मूल दगावते. अशी मुले आपल्या राज्यात आजही दगावतात. कोणतेही ॲप किंवा सेन्सर इन्सुलिनची जागा घेऊ शकत नाही. हे मी मुद्दाम सुरुवातीलाच लिहितो आहे, कारण फोनवर मधुमेह ‘उलटवून’ देण्याच्या जाहिराती दिवसभर येत असतात आणि त्या कोणत्या मधुमेहाबद्दल आहेत हे त्यांत ठळकपणे कुठेच लिहिलेले नसते. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१च्या ॲटलासनुसार भारतात वीस वर्षांखालच्या सुमारे २ लाख २९ हजार मुलामुलींना टाइप वन आहे. जगात एवढी संख्या दुसऱ्या कोणत्याही देशात नाही.

इन्सुलिनची कथा अनेकांना ठाऊक असते. जानेवारी १९२२मध्ये टोरोंटोच्या रुग्णालयात चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्प्सनला ते पहिल्यांदा टोचले आणि तोवर उपाशी ठेवून चार दिवस अधिक जगवली जाणारी मुले जगू लागली. मोजण्याची कथा तितकी सांगितली जात नाही. ती मला अधिक जवळची वाटते, कारण तिचे कर्ते बहुतेक वेळा रुग्ण आणि त्यांचे आईवडील आहेत. १९६९ साली रिचर्ड बर्नस्टाइन या अमेरिकेतल्या इंजिनिअरने एका जाहिरातीत रक्तातली साखर मोजणारे यंत्र पाहिले. ते रुग्णालयांच्या तातडीच्या विभागासाठी होते आणि फक्त डॉक्टरांना विकत मिळे. बर्नस्टाइन लहानपणापासून टाइप वनचे रुग्ण होते. त्यांची पत्नी डॉक्टर होती, तिच्या नावावर त्यांनी ते मागवले. दिवसातून अनेकदा साखर मोजून डोस आणि जेवण बदलत गेल्यावर आपली तब्येत सुधारते आहे, हे त्यांना दिसले. त्यांनी लेख लिहिला. डॉक्टर नसलेल्या माणसाचा लेख वैद्यकीय नियतकालिकांनी घेतला नाही. तेव्हा चाळिशी उलटल्यावर ते वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले आणि डॉक्टर झाले. रुग्णाने घरी स्वतःची साखर मोजावी ही कल्पना तेव्हा धाडसाची मानली जात होती, हे आज ग्लुकोमीटर वापरणाऱ्याने लक्षात ठेवावे.

मोजण्याचा उपयोग किती, याचे ठोस उत्तर १९९३ साली आले. अमेरिका आणि कॅनडातल्या १,४४१ रुग्णांवर दहा वर्षे चाललेल्या डीसीसीटी या अभ्यासात वारंवार साखर मोजून, त्याप्रमाणे इन्सुलिन घेऊन ती काटेकोर ताब्यात ठेवणाऱ्यांच्या गटात डोळ्यांच्या पडद्याचा विकार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. मूत्रपिंड आणि मज्जातंतू यांचेही नुकसान पुष्कळ टळले. पण त्याच गटात साखर एकदम उतरून दुसऱ्याची मदत घ्यावी लागण्याचे प्रसंग तिपटीने वाढले. पुढची तीस वर्षे या आजाराची सारी तंत्रे या दोन निष्कर्षांच्या पेचात घडली. साखर खाली ठेवायची तर हायपोची, म्हणजे ती फार उतरण्याची, भीती, आणि हायपो टाळण्यासाठी साखर चढी ठेवली तर डोळे आणि मूत्रपिंड पणाला. रात्री मूल झोपले की ही भीती सर्वांत मोठी होते. कित्येक घरांत आई दोन वाजता गजर लावून उठते, झोपलेल्या मुलाच्या बोटाला सुई टोचते, आकडा पाहते, आणि आकडा बरा असला तरी तिला पुन्हा झोप लागत नाही.

सेन्सरने हात घातला तो इथे. दंडाच्या मागच्या बाजूला किंवा पोटावर नाण्याएवढी चकती बसते. तिचा केसासारखा बारीक तंतू त्वचेखाली सुमारे पाच मिलिमीटर शिरलेला असतो. त्यावरच्या विकराची तिथल्या द्रवातल्या ग्लुकोजशी अभिक्रिया होते, सूक्ष्म विद्युत्प्रवाह निर्माण होतो आणि त्यावरून आकडा निघतो. प्रकारानुसार दहा ते पंधरा दिवस तो चालतो. तो रक्तातली नव्हे, पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो, म्हणून पाच ते पंधरा मिनिटे मागे असतो. साखर स्थिर असताना याने बिघडत नाही. पण मूल कबड्डी खेळून आले आहे, हात थरथरत आहेत आणि फोन ८५ दाखवतो आहे, अशा वेळी मुलाच्या हातांवर विश्वास ठेवायचा, बोटातून रक्त घेऊन पाहायचे, आणि तेवढाही वेळ नसेल तर आधी साखर द्यायची. झोपेत दंडाखाली सेन्सर दबला तर तो खोटीच कमी साखर दाखवतो. कूस बदलली की आकडा आपोआप वर येतो. काही सेन्सरचे आकडे क जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसाने फुगतात, काही जुन्या सेन्सरचे पॅरासिटामॉलने फुगत. ही माहिती खोक्यातल्या पत्रकात असते, पण इंग्रजीत आणि बारीक टायपात, त्यामुळे ती घरापर्यंत पोहोचत नाही.

माझ्या मते या यंत्राचा गाभा आकड्यात नाही, बाणात आहे. जेवणाआधी ११० ही साखर बोटाच्या तपासणीत छानच दिसते. पण ११० आणि बाण सरळ खाली असेल तर ती अर्ध्या तासात ६० होऊ शकते, आणि ११० आणि बाण वर असेल तर कालच्या डोसाने आज भागणार नाही. एकाच आकड्याचे दोन वेगळे अर्थ, आणि दोन वेगळी कामे. याला जोडून आणखी एक मोजमाप आले. २०१९मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी ठरवले की दिवसातला किमान ७० टक्के वेळ, म्हणजे सतरा तासांच्या आसपास, साखर ७० ते १८०च्या दरम्यान असावी आणि ७०च्या खालचा वेळ ४ टक्क्यांहून कमी असावा. तीन महिन्यांच्या सरासरीवर बोलणाऱ्या एचबीएवनसीपेक्षा ही भाषा घरच्या माणसाला लवकर कळते. त्यातली मला सर्वांत भावलेली गोष्ट म्हणजे उरलेले तीस टक्के. जगातल्या तज्ज्ञांनीच ती सूट दिली आहे. शंभर टक्क्यांसाठी मुलाला रागावणाऱ्या पालकांनी ती वाचावी.

आता नाइटस्काउट या पालकांनी घडवलेल्या, सेन्सरचे आकडे दुरून पाहू देणाऱ्या प्रणालीविषयी थोडे सविस्तर. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात राहणारे जॉन कॉस्टिक हे सॉफ्टवेअर इंजिनिअर. २०१२ साली त्यांच्या चार वर्षांच्या मुलाला टाइप वनचे निदान झाले. मुलाच्या अंगावर सेन्सर होता, पण आकडे फक्त त्याच्या खिशातल्या छोट्या यंत्रावर दिसत. मूल बालवाडीत आणि बाप कचेरीत असला की बापाला काहीच कळत नसे. कॉस्टिक यांनी ते यंत्र एका फोनला केबलने जोडले, आकडे इंटरनेटवर चढवले आणि कचेरीत बसून ते पाहिले. समाजमाध्यमावर त्याचे छायाचित्र टाकताच दुसऱ्या पालकांनी कोड मागितले. यातून २०१३-१४मध्ये नाइटस्काउट उभे राहिले, विनामूल्य आणि सर्वांना खुले. ‘आम्ही थांबणार नाही’ अशा अर्थाची त्यांची घोषणा होती. कंपन्या आणि सरकारी मंजुऱ्या यांची वाट पाहत मुलांच्या रात्री घालवायला ते तयार नव्हते.

त्याच सुमारास सिॲटलमध्ये डेना लुइस ही तरुणी एकटी राहत होती. तिच्या सेन्सरच्या गजराने तिला जाग येत नसे आणि झोपेत साखर उतरली तर उठवायला घरात कोणी नव्हते. कॉस्टिक यांचे कोड घेऊन तिने आणि तिचा जोडीदार स्कॉट लाइब्रँड याने आधी मोठ्या आवाजाचा गजर केला, मग पुढच्या तासाभरात साखर कुठे जाईल याचा अंदाज बांधणारा हिशेब लिहिला. २०१४च्या अखेरीस त्या हिशेबाचे उत्तर थेट इन्सुलिन पंपाला जाऊ लागले. साखर उतरू लागली की पंप आपोआप मंदावे आणि चढू लागली की वाढे. २०१५मध्ये त्यांनी ही सारी रचना जगापुढे खुली केली. मेडट्रॉनिक या कंपनीच्या अशाच पंपाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मंजुरी २०१६च्या सप्टेंबरमध्ये मिळाली. घरी बनवलेल्या या प्रणाली सुरक्षित आहेत का, हा डॉक्टरांचा प्रश्न योग्यच होता. न्यूझीलंडमध्ये ९७ मुले आणि प्रौढ यांच्यावर झालेल्या आणि २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने त्याचे उत्तर दिले: अशी खुली प्रणाली वापरणाऱ्यांचा ७१ टक्के वेळ योग्य पट्ट्यात गेला, सेन्सर आणि साधा पंप वापरणाऱ्यांचा ५४ टक्के. जानेवारी २०२३मध्ये रुग्णांच्या याच चळवळीतून आलेल्या टाइडपूल लूप या ॲपला अमेरिकी प्रशासनाने मान्यताही दिली.

हा इतिहास मी लांबवला तो अशासाठी की आपल्याकडे रुग्णाने प्रश्न विचारणे अजूनही उद्धटपणाचे समजले जाते. ‘डॉक्टरांनी बारा युनिट सांगितले, बारा घेतो’ असे म्हणणारा रुग्ण आज्ञाधारक ठरतो, आणि ‘बाराने मला रोज अकराला लो होते, दहा घेऊ का?’ असे विचारणारा आगाऊ. टाइप वनमध्ये दुसराच जास्त जगतो. सेन्सरचा आलेख हाती असलेला रुग्ण असा प्रश्न पुराव्यासह विचारू शकतो, आणि चांगल्या डॉक्टरला तो हवाच असतो.

ॲपचे प्रकरण मात्र अधिक जपून वाचावे. साखरेची नोंद ठेवणारी ॲप निरुपद्रवी असतात; व्हिएन्नात टाइप वनच्याच तरुणांनी काढलेले मायशुगर त्यांपैकी सर्वांत परिचित. डोस काढून देणाऱ्या ॲपची गोष्ट वेगळी. २०१५मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी इन्सुलिनचा डोस काढणारी ४६ ॲप तपासली. त्यांतल्या ६७ टक्के ॲपमध्ये चुकीचा डोस सुचवला जाण्याचा धोका आढळला. हिशेब स्वतःला येत असेल तर असली चूक पकडता येते. समजा डॉक्टरांनी १० ग्रॅम कर्बोदकांना १ युनिट आणि ५० साखर उतरवायला १ युनिट असे सांगितले आहे, आणि लक्ष्य १२० आहे. ताटात ४५ ग्रॅम कर्बोदके आणि साखर २२० असेल तर साडेचार अधिक दोन, म्हणजे साडेसहा युनिट. पण दोन तासांपूर्वीच डोस घेतला असेल तर त्यातले बरेच इन्सुलिन अजून अंगात काम करते आहे आणि तेवढे वजा केलेच पाहिजे. हा वजाबाकीचा भाग ॲप विसरले, किंवा मागचा डोस आपण त्यात लिहिलाच नाही, तर एकावर एक डोस चढतात आणि मध्यरात्री साखर कोसळते. परदेशी ॲपमध्ये आणखी एक खाच असते. तिकडचे कित्येक देश साखर मिलिमोलमध्ये मोजतात. त्यांचे ६ म्हणजे आपले १०८. मँचेस्टरमधल्या नातवाची साखर पुण्यातल्या आजीच्या फोनवर दिसते तेव्हा ‘६’ पाहून तिचा जीव घाबरा होतो, तो याच कारणाने. एकक बदलायची सोय बहुतेक ॲपमध्ये असते, ती पहिल्याच दिवशी पाहून घ्यावी. आपल्याकडे ४० आणि १०० अशा दोन तीव्रतेचे इन्सुलिन मिळते, हेही विसरता येत नाही. कुपीतले ४०चे इन्सुलिन १००च्या सिरिंजने घेतले तर ॲपने काढलेला अचूक डोसही चुकतो.

आणि ताटात ४५ ग्रॅम आहेत हे ठरवायचे कुणी? ॲपमध्ये पिझ्झ्याचा तुकडा ग्रॅमसकट असतो. थालीपीठ सापडत नाही, सापडले तर कोणाच्या घरचे, ते कळत नाही. सोलापूरकडची पातळ ज्वारीची भाकरी आणि कोकणातली तांदळाची भाकरी यांना एकच नोंद लावता येत नाही. याला उपाय एकच, स्वयंपाकघरात छोटा वजनकाटा. ५० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीत ३३-३४ ग्रॅम कर्बोदके असतात; शिजलेल्या १०० ग्रॅम भातात २८च्या आसपास. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांत आपल्या धान्यांचे आणि डाळींचे आकडे आहेत, आणि या पुस्तकातले पदार्थांचे प्रकरण त्यांवर आधारले आहे याचे मला समाधान वाटते. आठवडाभर पीठ तोलून भाकऱ्या केल्या की घरच्या भाकरीचा आकडा पाठ होतो, मग तोलावे लागत नाही.

साबुदाण्याच्या खिचडीवर तर स्वतंत्र प्रकरण हवे होते. उपासाचा म्हणून हलका समजला जाणारा हा पदार्थ जवळजवळ शुद्ध पिष्ट असतो. पन्नास ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीस ग्रॅम कर्बोदके. त्यात तूप आणि दाण्याचे कूट पडले की पचन लांबते. नेहमीचा डोस नेहमीच्या वेळी घेतला तर काहींची साखर आधी उतरते आणि तीन तासांनी चढते, तेव्हा इन्सुलिनचा जोर संपलेला असतो. एकादशीच्या दिवसाचा आलेख आणि साध्या दिवसाचा आलेख शेजारी ठेवून पाहिल्यावर जे कळते ते कोणत्याही व्याख्यानातून कळत नाही. पुरणपोळी, आमरस, तळलेले मोदक यांचेही असेच स्वतःचे आलेख असतात. सेन्सर असेल त्या पंधरवड्यात मुलाने हे पदार्थ खावेत असे मी म्हणेन, आणि सणाला ताटावरून उठवले गेलेले मूल म्हणून म्हणेन.

मनगटावरच्या घड्याळाबद्दल एकदा स्पष्ट सांगतो. स्मार्ट घड्याळ सेन्सरचा आकडा दाखवू शकते, पावले आणि हृदयाचे ठोके मोजू शकते, आणि व्यायामानंतर रात्री साखर का उतरली याचा माग काढायला त्या नोंदी उपयोगी पडतात. त्वचेला न टोचता घड्याळ किंवा अंगठी स्वतः साखर मोजते, असा दावा करणारी उपकरणे ऑनलाइन दुकानांत विकली जातात. अमेरिकी औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४मध्ये बजावले की अशा एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. त्या आकड्यावर इन्सुलिन घेणे जिवावर बेतू शकते. कृपा करून भाच्या-पुतण्यांना वाढदिवसाला असली भेट देऊ नका.

खरे सेन्सरही फोनच्या मर्जीवर चालतात. नोव्हेंबर २०१९च्या अखेरीस डेक्सकॉम या सेन्सर बनवणाऱ्या कंपनीचे सर्व्हर बंद पडले आणि मुलांची साखर दुरून पाहणाऱ्या पालकांना रात्रभर काहीच कळले नाही. अनेकांना ते बंद आहेत हेच ठाऊक नव्हते. फेब्रुवारी २०२५मध्ये अमेरिकी प्रशासनाने आणखी एक साधी गोष्ट निदर्शनास आणली. फोनची ‘व्यत्यय नको’ सेटिंग, नवे अपडेट किंवा ब्लूटूथ हेडफोन यांमुळे गजर वाजतच नाही असे प्रकार घडले आहेत. विसर्जनाच्या मिरवणुकीत मूल पुढे नाचत असते आणि त्याचा फोन मागे आईच्या पर्समध्ये असतो, तेव्हाही हेच होते. संपर्क तुटतो आणि गजर गप्प राहतो. विदर्भातल्या मे महिन्यात घामाने सेन्सरचा चिकटपणा सुटतो, आणि काही सेन्सरची मर्यादाच ४५ अंशांची आहे. म्हणून ग्लुकोमीटर, पट्ट्या आणि ग्लुकोजची पूड जवळ ठेवणे सेन्सर आल्यावरही सुटत नाही.

या पुस्तकाच्या हस्तलिखितात मला सर्वांत मोलाचे वाटले ते वयात येणाऱ्या मुलांविषयीचे प्रकरण. सेन्सरचा आकडा आई, बाबा, मामा आणि शिकवणीच्या बाई अशा सर्वांच्या फोनवर जाऊ लागला की पंधरा वर्षांच्या मुलीला आपल्या अंगावर कोणीतरी सतत डोळा ठेवून आहे असे वाटू लागते. मैत्रिणींबरोबर पाणीपुरी खाल्ली की वीस मिनिटांत घरून फोन येतो. काही मुली मग सेन्सर काढून टाकतात, काही फोन बंद ठेवतात, आणि ज्यासाठी एवढे पैसे घातले तेच हातचे जाते. आपल्याकडे तर मुलीचा आजार लग्नासाठी लपवण्याची रीत अजून आहे. दंडावर दिसणारा सेन्सर आजीला नको असतो, बाह्या लांब शिवल्या जातात. मुलीने या लपवण्यातून आपल्या शरीराविषयी काय शिकावे? डेना लुइसने स्वतःच्या आकड्यांवर हुकमत मिळवली, कारण ते तिचे होते. आपल्या मुलांनाही ते त्यांचे वाटले पाहिजेत. कोणाला आकडा दिसावा, कोणत्या वेळी, आणि किती खाली गेल्यावरच फोन करावा, हे मुलाशी बोलून ठरवावे. ‘तुझी साखर किती?’ हा घरात शिरणाऱ्या मुलाला विचारलेला पहिला प्रश्न नसावा.

पैशाचे बोलणे टाळून चालणार नाही. एका सेन्सरला काही हजार रुपये पडतात, तो साधारण दोन आठवडे चालतो. पंपाची किंमत लाखांत जाते आणि बहुतेक आरोग्य विमे यांतले काही देत नाहीत. इंग्लंडमध्ये २०२२पासून टाइप वनच्या प्रत्येक प्रौढाला आणि मुलाला सेन्सर द्यावा अशी तिथल्या राष्ट्रीय संस्थेची शिफारस आहे आणि सरकारी आरोग्यसेवा तो विनामूल्य देते. आपल्याकडे शेतमजुराच्या मुलाला रोजच्या पट्ट्या मिळणेही कठीण. नागपूरचा ड्रीम ट्रस्ट, छत्रपती संभाजीनगरची उडान अशा संस्था कित्येक वर्षे अशा मुलांना इन्सुलिन, पट्ट्या आणि शिक्षण पुरवत आल्या आहेत. त्यांच्यामुळे शेकडो मुले मोठी झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२२मध्ये टाइप वनसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. ती कागदावरून तालुक्याच्या रुग्णालयात उतरली पाहिजेत, आणि इन्सुलिन व पट्ट्या प्रत्येक मुलाला सरकारने द्याव्यात अशी मागणी आपण सर्वांनी लावून धरली पाहिजे. तोवर माझा सल्ला असा: आधी इन्सुलिन, मग पट्ट्या, मग सेन्सर, आणि पंपाचा विचार त्यानंतर. सेन्सरसाठी पट्ट्या बंद करू नयेत. वर्षातून दोनदाच सेन्सर परवडत असेल तर एकदा शाळेच्या दिवसांत आणि एकदा सुटीत लावा; त्या चार आठवड्यांत घरच्या जेवणाचे आणि रात्रींचे जे कळेल ते उरलेले वर्षभर पट्ट्यांवर निभावून नेईल. आणि फ्रीज नसलेल्या घरात इन्सुलिन ओल्या मडक्यात, प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवावे. मडक्याने ते पुरेसे थंड राहते हे तपासून पाहिले गेले आहे.

वाचकांना दोन विनंत्या. वाचणारे शिक्षक किंवा मुख्याध्यापक असतील तर त्यांनी वर्गातल्या मुलाचा फोन आणि सेन्सर हे औषध समजावे. सीबीएसईने २०१७पासून बोर्डाच्या परीक्षेत अशा मुलांना खाऊ जवळ ठेवू दिला आहे, आणि राष्ट्रीय बालहक्क आयोगाने २०२३मध्ये सर्व राज्यांना ग्लुकोमीटर, सेन्सर व पंपाची मुभा देण्यास सांगितले आहे. मुलाला त्यासाठी अर्ज-विनवण्या करायला लावू नका. आणि वाचणारे पालक असतील तर हे पुस्तक स्वतः संपवून कपाटात ठेवू नका. मूल दहा वर्षांचे झाले असेल तर ते आधी त्याच्या हाती द्या, आणि त्याला काय कळले ते त्याच्याकडून ऐका.